केर्गेलेन बेटावरील वनस्पतिसंग्रह

दक्षिण हिंदी महासागरात सु. ४९° दक्षिण अक्षांशावर वसलेल्या, एकही वृक्ष नसलेल्या केर्गेलेन बेटावर जोसेफ डाल्टन हूकर यांनी १८४० साली केलेला वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह. फ्रेंच दर्यावर्दी केर्गेलेन यांना १७७२ मध्ये या बेटाचा शोध लागला. पुढे १७७६ च्या नाताळात कॅप्टन कुक तेथे उतरले, तेव्हा त्यांच्या जहाजावरील वैद्य विल्यम अँडरसन यांच्या यादीत जेमतेम अठरा वनस्पती भरल्या.

जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतील ‘एरेबस’ जहाजावर हूकर साहाय्यक शल्यवैद्य होते. मे ते जुलै असा ऐन हिवाळ्यातला मुक्काम. त्यातील ६८ दिवसांपैकी ४५ दिवस वादळी वारे सुटलेले. सरकारातून मिळालेला सरंजाम म्हणजे २५ रीम कागद, नमुने गोळा करण्याचे दोन डबे आणि जिवंत रोपे नेण्यासाठी वॉर्ड यांच्या पद्धतीच्या दोन काचपेट्या, एवढाच. बाकीची सामग्री वडिलांनी पदरमोड करून दिली होती, आणि कामाला जागा रॉस यांनी स्वतःच्या केबिनमध्ये करून दिली.

शेवाळी व दगडफुले यांचे पुंजके खडकाशी गोठून घट्ट बसलेले असत. ते हातोडीने ठोकून सोडवावे लागत, आणि तेवढ्यानेही न सुटल्यास तेवीस वर्षांचा हा तरुण त्यांवर बसून अंगच्या उबेने बर्फ वितळण्याची वाट पाही. जहाजावर आल्यावर प्रत्येक नमुना टिपकागदांत पसरून दाबाखाली ठेवावयाचा, आणि ओलसर झालेले कागद काढून त्यांच्या जागी पुनःपुन्हा कोरडे घालावयाचे. दमट हवेत यात हयगय झाली की बुरशी धरलीच. स्थळ व तारीख नोंदलेली चिठ्ठी सोबत नसेल, तर असा नमुना म्हणजे निव्वळ वाळका पाला होय. या चिकाटीने हूकर यांनी अँडरसन यांची अठराची यादी सुमारे दीडशेवर नेली, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे.

त्यांत सर्वांत लक्षणीय म्हणजे केर्गेलेन कोबी (प्रिंग्लिया अँटिस्कॉर्ब्युटिका). मोहरीच्या कुलातील ही वनस्पती स्कर्व्ही रोगावर गुणकारी असल्याने खलाशांच्या जेवणात रोज शिजे. तिच्या कुलातील बहुतेक वनस्पतींचे परागण कीटकांकडून होते. हिचे मात्र वाऱ्यामार्फत होते.

या संग्रहाचे वर्णन हूकर यांच्या ‘फ्लोरा अंटार्क्टिका’ (१८४४–४७) या ग्रंथात आले. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील वनस्पतींवर त्यांनी सिद्ध केलेला सात खंडांचा ग्रंथ आपल्याकडील अभ्यासकांच्या नित्य वापरातला आहे. परंतु त्या ग्रंथामागची शिस्त या उजाड किनाऱ्यावर घडली, असे म्हणणे वावगे होणार नाही.

१८७४ मध्ये शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध घेण्यासाठी आलेल्या ब्रिटिश मोहिमेने बेटावर ससे सोडले, आणि सशांनी मुख्य बेटावरील कोबीचे ताटवे बहुतांशी फस्त केले. क्यू येथील वनस्पतिसंग्रहालयात जपलेले हूकर यांचे नमुने त्याच्या ३४ वर्षे आधीचे आहेत.