जॅक्सन स्ट्रीट, रात्रीचे सव्वानऊ

शनिवार, २१ जानेवारी १९५६, रात्र

अमेरिकेच्या दक्षिणेतलं अलाबामा राज्य, माँटगोमेरी शहर. काळ्या वस्तीने सिटी बसवर टाकलेल्या बहिष्काराचा अठ्ठेचाळिसावा दिवस संपत आला आहे. बहिष्काराचे नेते, पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांचा फोन वाजतो. मिनिआपोलिसहून पत्रकार कार्ल रोवन बोलत आहेत. वृत्तसंस्थेकडून बातमी आली आहे की समझोता झाला, बहिष्कार मिटला. हे खरं का?

खरं नव्हतं. आंदोलनाशी संबंध नसलेल्या तीन काळ्या पाद्र्यांना महापौर डब्ल्यू. ए. गेल यांनी बैठकीला बोलावलं आणि समझोत्याची बातमी पेपरांत सोडून दिली. रविवारी सकाळी ती वाचून लोकांचा विश्वास बसला असता तर सोमवारी बस भरल्या असत्या. म्हणून किंग आणि त्यांचे सहकारी त्याच रात्री बाहेर पडले. शनिवारच्या रात्री माणसं जिथे भेटतात त्या क्लबांत आणि दारूच्या अड्ड्यांत गेले, बातमी खोटी आहे म्हणून सांगत फिरले. उरलेलं काम रविवारी चर्चमध्ये झालं. सोमवारी बस रिकाम्याच धावल्या.

किंग यांच्या घरावरच्या स्फोटाला नऊ दिवस आहेत. मोजणी इथूनच करायला हवी, कारण हा डाव फसल्यावर नगरपालिकेने जो सूर लावला, त्याच सुराने बॉम्ब टाकणाऱ्याला धीर दिला असं माझं स्पष्ट मत आहे.

सोमवार, २३ जानेवारी

महापौर जाहीर करतात की बहिष्कार चालू असेपर्यंत बोलणी बंद. गोऱ्या गृहिणींनी आपल्या मोलकरणींना गाडीतून ने-आण करणं थांबवावं, असंही ते या दिवसांत सांगतात. या एका वाक्यात शहराचं सगळं व्यवहारचित्र आहे. हजारो काळ्या बायका गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणी, मुलं सांभाळणं ही कामं करायच्या. त्या पायी निघाल्या तर चूल उशिरा पेटायची, म्हणून मालकीणबाईच गाडी काढायच्या.

आंदोलनाच्या मागण्या काय होत्या? प्रवाशांशी सभ्यपणे वागा. काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं, पण आधी आलेल्याला बसल्या जागेवरून उठवू नका. काळ्या वस्त्यांतल्या मार्गांवर काळे चालक नेमा. बस! वर्णभेद रद्द करा अशी मागणीच नव्हती. प्रवाशांतले तीन चतुर्थांश काळे होते. पण पुढच्या दहा जागा रिकाम्या असल्या तरी तिथे त्यांनी बसायचं नाही. पुढच्या दाराने चढून दहा सेंट द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दाराने पुन्हा चढायचं, आणि एवढ्यात चालकाने बस हाकली तर पैसेही गेले. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांना अटक झाली ती मधल्या भागातल्या जागेवरून. एक गोरा प्रवासी उभा होता म्हणून रांगेतल्या चौघांनी उठायचं होतं. तिघे उठले. त्या रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात जो ॲन रॉबिन्सन यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रकं सायक्लोस्टाईलवर काढली, आणि ५ डिसेंबरला शहर चालायला लागलं.

मंगळवार, २४ जानेवारी

शहराचा कारभार तिघांच्या हाती होता. पोलीस खातं सांभाळणारे क्लाइड सेलर्स महिन्याच्या सुरुवातीलाच 'व्हाइट सिटिझन्स कौन्सिल'मध्ये, म्हणजे वर्णभेद टिकवण्यासाठीच काढलेल्या गोऱ्यांच्या संघटनेत, दाखल झाले होते. आता महापौर गेल आणि तिसरे सदस्य फ्रँक पार्क्स हेही सदस्य झाल्याचं जाहीर होतं. ज्यांच्याकडे संरक्षण मागायचं ते तिघेही एका बाजूला जाऊन उभे राहिले.

गुरुवार, २६ जानेवारी, दुपार

बसला पर्याय म्हणून लोकांनी आपल्या मोटारी काढल्या होत्या. ठरलेल्या थांब्यांवरून माणसं उचलायची, ठरलेल्या जागी सोडायची. पोलिसांनी या चालकांना गाठून दंडाच्या पावत्या फाडायचा सपाटा लावला. त्या काही आठवड्यांत एकट्या जो ॲन रॉबिन्सन यांच्या नावावर सतरा पावत्या जमा झाल्या.

आज पाळी किंग यांची. गावातल्या थांब्यावरून तीन माणसं त्यांनी गाडीत घेतली आणि मोटरसायकलवरचे पोलीस मागे लागले. गुन्हा काय, तर ताशी २५ मैलांच्या हद्दीत ३० मैल वेग. त्यांना पोलिसांच्या गाडीत बसवलं. गाडी गावाबाहेरच्या बाजूला वळली तेव्हा आपल्याला कुणा जमावाच्या हाती देणार, असं त्यांच्या मनात आलं, हे त्यांनीच पुढे लिहिलं आहे. गाडी तुरुंगापाशी थांबली. बातमी पसरली, तुरुंगासमोर माणसं जमत गेली, आणि तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना घाईने सोडून दिलं.

शुक्रवार, २७ जानेवारी, मध्यरात्रीच्या सुमारास

पुन्हा फोन. असे धमक्यांचे फोन आता रोजचेच, पण हा वेगळा लागला. तीन दिवसांत गाव सोडलं नाही तर जीव घेऊ, घर उडवू. किंग यांना झोप येईना. त्यांनी स्वयंपाकघरात कॉफी करायला ठेवली. पंधरवड्यापूर्वी त्यांना २७ वर्षं पूर्ण झाली होती. मुलगी योलांडा दहा आठवड्यांची, आत झोपलेली. भ्याड न दिसता यातून बाहेर कसं पडावं याचाच विचार ते करत होते. टेबलाशी बसून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली, आपली ताकद संपली आहे असं देवाला सांगितलं. उठले तेव्हा मन स्थिर झालं होतं, असं ते लिहितात.

शुक्रवारपासून तीन दिवस म्हणजे सोमवार.

सोमवार, ३० जानेवारी, दिवसा

मराठी वाचकाच्या मनात ही तारीख लगेच उमटते. दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या त्याला या दिवशी आठ वर्षं झाली. माँटगोमेरीत गांधींचं नाव अगदीच परकं नव्हतं. शहराच्या ग्रंथालयातल्या ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या बाईंनी १२ डिसेंबरलाच स्थानिक पेपरात पत्र लिहून, इथल्या काळ्या लोकांनी गांधींकडून धडा घेतलेला दिसतो, असं म्हटलं होतं. तेव्हा तसं छापून आणायला फार धैर्य लागत होतं.

बहिष्कार चालवणाऱ्या माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशनची कार्यकारिणी आज बसते. विषय आहे फेडरल कोर्टात जाण्याचा. बोलण्यांची दारं नगरपालिकेनेच बंद केली होती.

संध्याकाळ

रिप्ली स्ट्रीटवरच्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सोमवारची सभा भरते. हे राल्फ ॲबरनथी यांचं चर्च. दिवसभर चाललेली माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली आहेत. किंग तिथे आहेत. त्यांच्या ३०९ साउथ जॅक्सन स्ट्रीटच्या घरी पत्नी कोरेटा आणि चर्चच्या मंडळीतली एक मैत्रीण पुढच्या खोलीत बसल्या आहेत. बाळ मागच्या खोलीत.

सव्वानऊच्या सुमारास

व्हरांड्यात काहीतरी पडल्याचा आवाज, कुणी वीट फेकावी तसा. काय आहे ते बघायला कोरेटा पुढच्या दाराकडे गेल्या असत्या तर त्यांचं काय झालं असतं, ते पुढच्याच क्षणी दिसलं. त्या दोघी उठून मागच्या बाजूला धावल्या. त्यांच्या पाठीमागे, व्हरांड्यात स्फोट. खिडक्यांच्या काचा आत उडाल्या, व्हरांड्याचा खांब चिरला, जमिनीला खड्डा पडला. बाळाला काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही.

त्यानंतरची काही मिनिटं, चर्च

किंग यांना दिसतं की स्वयंसेवक आपसांत कुजबुजत आहेत, ॲबरनथींना बाजूला नेत आहेत, पण आपल्याजवळ कुणी येत नाही. शेवटी तेच विचारतात. घरावर बॉम्ब पडला, बायको आणि मुलीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. किंग सभेला ते सांगतात, शांतपणे घरी जा म्हणतात आणि निघतात.

दहाच्या आसपास, जॅक्सन स्ट्रीट

खरा अनर्थ आता जवळ आला होता. घरासमोर शेकडो काळी माणसं जमली होती. कुणाच्या हातात पिस्तूल, कुणाकडे चाकू, दांडके, फोडलेल्या बाटल्या. पोलीस मागे हटा म्हणत होते, कुणी हटत नव्हतं. एकाने तर पोलिसाला सरळ आव्हान दिलं. आत महापौर, आयुक्त सेलर्स आणि गोरे बातमीदार होते. बातमी द्यायला बाहेर पडायचं तर या गर्दीतून जायचं. एक गोळी सुटली असती तर पुढे काय झालं असतं? पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या असत्या, दुसऱ्या दिवशी पेपरांत काळ्यांची दंगल छापून आली असती, आणि बहिष्कार तिथेच संपला असता.

किंग आधी बायकोला आणि मुलीला बघतात. गेल आणि सेलर्स खेद व्यक्त करतात. त्यावर किंग यांच्या चर्चच्या विश्वस्तांचे अध्यक्ष सी. टी. स्माइली महापौरांना तोंडावर ऐकवतात की खेद ठीक आहे, पण तुमच्याच जाहीर विधानांनी ही हवा तयार केली. स्माइली काळ्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, म्हणजे त्यांची नोकरी याच व्यवस्थेच्या हातात. त्या रात्रीचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं बोलणं हे आहे.

मग किंग फुटलेल्या व्हरांड्यात येऊन हात वर करतात. बायको आणि मूल सुखरूप आहेत. शस्त्रं असतील तर घरी ठेवा. शत्रूवरही प्रेम करायचं आहे. मला थांबवलं तरी हे काम थांबणार नाही. सेलर्स बोलायला उभे राहतात तेव्हा लोक हुर्यो करतात, तर किंग त्यांनाही बोलू द्या म्हणतात. हळूहळू गर्दी पांगते. हातातलं पिस्तूल खिशात परत ठेवणाऱ्या त्या माणसांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. नेत्याच्या भाषणाइतकंच श्रेय त्यांचं आहे.

मंगळवार, ३१ जानेवारी, पहाट

किंग आणि कोरेटा, दोघांचेही वडील गाड्या काढून येऊन पोचतात. गाव सोडा, निदान कोरेटा आणि बाळ तरी चला. कोरेटा जायला नकार देतात.

बुधवार, १ फेब्रुवारी

किंग पिस्तुलाचा परवाना मागतात, तो नाकारला जातो. अहिंसा त्यांच्यात एका रात्रीत पुरी मुरली नव्हती, घरात बंदूक होती. पुढच्या महिन्यांत त्यांनी ती काढून टाकली. रात्री आंदोलनाचे जुने नेते ई. डी. निक्सन यांच्या घरावर बॉम्ब पडतो.

त्याच दिवशी वकील फ्रेड ग्रे फेडरल कोर्टात दावा दाखल करतात. त्यात सभ्य वागणुकीची विनंती नाही. बसमधला वर्णभेदाचा कायदाच रद्द करा अशी मागणी आहे. दावा लावणाऱ्या पाच बायका होत्या, त्यांतल्या एकीने दडपणाखाली लगेच माघार घेतली. उरलेल्या चौघींत क्लॉडेट कॉल्विन होती, रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी जागेवरून उठायला नकार देऊन अटक झालेली, आता सोळा वर्षांची. पहिलं नाव ऑरिलिया ब्राउडर यांचं. प्रतिवादींत पहिलं नाव महापौर गेल यांचं. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचा त्या चौघींच्या बाजूचा निकाल कायम केला, आणि २१ डिसेंबर १९५६ला माँटगोमेरीची काळी माणसं पुढच्या दाराने बसमध्ये चढून पुढच्या जागांवर बसली.