निबंधांचे स्वयंचलित गुणदान

निबंधांचे स्वयंचलित गुणदान म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेल्या निबंधाला किंवा दीर्घोत्तराला संगणकीय प्रणालीद्वारे गुण देण्याची पद्धत होय. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या यांत्रिक तपासणीहून ती मूलतः भिन्न आहे. तेथे अचूक उत्तर आधीच ठरलेले असते, निबंधात ते नसते. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये अवलंबिलेली व निकालांच्या विलंबामुळे गाजलेली ऑनस्क्रीन तपासणीही या प्रकारात मोडत नाही, कारण तीत उत्तरपत्रिका पडद्यावर दिसत असली तरी गुण परीक्षकच देतो.

पूर्वपीठिका

यंत्राने उत्तरपत्रिका तपासण्याची कल्पना एका शाळाशिक्षकाची आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात विज्ञान शिकविणारे रेनॉल्ड जॉन्सन यांनी पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते या गुणधर्माचा उपयोग करून तपासणीयंत्राचा आराखडा तयार केला. आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीत घेतले आणि १९३८ मध्ये ‘आयबीएम ८०५’ हे यंत्र बाजारात आणले. आजच्या स्पर्धापरीक्षांत गोल काळे करण्याची जी रीत आहे, तिचे हे पूर्वरूप.

एलिस पेज यांचे कार्य

निबंधाच्या बाबतीत पहिला प्रयत्न एलिस पेज यांचा. १९६६ मध्ये त्यांनी संगणकाकडून निबंध तपासून घेणे लवकरच शक्य होईल असे प्रतिपादन केले आणि ‘प्रोजेक्ट एसे ग्रेड’ ही प्रणाली विकसित केली. लेखनाचे खरे गुण संगणकाला कळत नाहीत, हे पेज यांना मान्य होते. म्हणून त्यांनी त्या गुणांच्या जवळपास जाणारी, मोजता येणारी लक्षणे निवडली: निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या इत्यादी. या लक्षणांवरून काढलेले गुण परीक्षकांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत.

याच पेज यांनी आठ वर्षांपूर्वी, १९५८ मध्ये, नेमक्या उलट बाजूचा एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. स्वयंचलित गुणदानावरील चर्चेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो, हे नवल आहे. माध्यमिक शाळांतील ७४ शिक्षक आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यात सहभागी होते. तपासलेल्या चाचणीवर काही विद्यार्थ्यांना केवळ गुण मिळाले, काहींना प्रत्येक श्रेणीसाठी आधीच ठरवून दिलेला शेरा मिळाला, तर काहींसाठी शिक्षकांनी स्वतःला सुचेल तो शेरा लिहिला. पुढील चाचणीत शेरा न मिळालेले विद्यार्थी मागे पडले. शिक्षकांनी स्वतः शेरा लिहिलेल्यांची कामगिरी सर्वांत चांगली ठरली. ठरावीक शेरा मिळालेले या दोहोंच्या मध्ये राहिले.

इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ मधील अभ्यासाने यात महत्त्वाची भर घातली. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली. मात्र अभिप्रायासोबत गुणही दिले असता तो लाभ दिसला नाही. गुण पाहिल्यावर शेरा वाचण्याची उत्सुकता ओसरते, हा वर्गातील नित्याचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

प्रसार व आक्षेप

१९९९ पासून जीमॅट या प्रवेशपरीक्षेत ‘ई-रेटर’ ही प्रणाली एका मानवी परीक्षकाच्या जोडीने वापरली जाऊ लागली. दोघांच्या गुणांत एकापेक्षा अधिक तफावत पडल्यास दुसऱ्या परीक्षकाकडे निबंध जाई. पुढील काळातील प्रणाली शिक्षकांनी तपासलेल्या नमुन्यांवरून ‘शिकतात’, त्यामुळे मूळ परीक्षकांच्या आवडीनिवडीही त्यांच्यात उतरतात.

प्रमुख टीकाकार लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ‘बॅबेल’ नावाचा कार्यक्रम तयार केला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त, पण निरर्थक निबंध रचून देई आणि अशा निबंधांना गुणदान प्रणालींकडून उत्तम गुण मिळत. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय चाचणीतील लेखन यंत्राकडून तपासण्याचा प्रस्ताव २०१८ च्या आरंभी बारगळला. याउलट अमेरिकेतील टेक्सास राज्याने २०२३-२४ पासून राज्यस्तरीय परीक्षेत ही पद्धत स्वीकारली; तेथे सुमारे एक चतुर्थांश उत्तरे माणसांकडून पुन्हा तपासली जातात.

महाराष्ट्रातील संदर्भ

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नंतर महाराष्ट्रात प्राथमिक स्तरावर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. आकारिक मूल्यमापनात प्रत्येक विद्यार्थ्याविषयी वर्णनात्मक नोंद लिहिणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वर्गातील पटसंख्या व इतर कामांच्या ओझ्यामुळे तयार नोंदींचे संच प्रचारात आले आणि तीच वाक्ये अनेक मुलांच्या नावापुढे उतरविली जाऊ लागली. पेज यांच्या प्रयोगातील ठरावीक शेऱ्याचाच हा प्रकार असून त्यासाठी संगणकाची गरज पडली नाही.

दहावीच्या परीक्षेतील मराठीचे निबंध व उपयोजित लेखन हस्तलिखित असते. परीक्षक ते तपासतात व नियामक त्यांतील काहींची फेरतपासणी करतात. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहिली जात असल्याने शब्दांची लांबी किंवा संख्या यांवरून शैलीविषयी अनुमान काढणे इंग्रजीहून अधिक फसवे ठरते. शिवाय बोलीतील रूप संवादात हेतुपूर्वक वापरले आहे की ती चूक आहे, याचा निर्णय संदर्भावाचून होत नाही. ‘पानी’ हा शब्द एका निबंधात अशुद्ध, तर दुसऱ्या निबंधातील आजीच्या तोंडी अगदी योग्य असतो.