एका बैठकीत, पुन्हा पुन्हा

जेम्स ग्रे (1851–1935) हा अमेरिकन धर्मोपदेशक पुढे शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटचा अध्यक्ष झाला. बायबल शिकवण्यातच त्याची हयात गेली. पण बायबल हाताशी यावं कसं, हे आपल्याला पहिल्यांदा उमगलं ते एका साध्या गृहस्थामुळे, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. एका ख्रिस्ती संमेलनात काही दिवस दोघांचा सहवास घडला. त्या माणसाच्या वागण्यात एक स्थैर्य होतं, आणि ते आपल्यात नाही हे ग्रेला जाणवत राहिलं. शेवटी त्याने विचारलंच, हे तुम्हाला कुठून मिळालं? उत्तर आलं, इफिसकरांस लिहिलेलं पत्र वाचून. ते पत्र तर ग्रेने कितीदा तरी वाचलेलं होतं. मग त्या गृहस्थाने कसं वाचलं ते सांगितलं. रविवारी तो कुटुंबासह खेड्यावर गेला होता, खिशात त्या पत्राची छोटी प्रत होती. दुपारी रानात झाडाखाली आडवा होऊन त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. गोडी लागली म्हणून लगेच पुन्हा वाचलं, मग परत एकदा. बारा-पंधरा वेळा वाचून तो उठला, तेव्हा पत्र त्याच्या ताब्यात आलं होतं. त्याहून खरं म्हणजे तो पत्राच्या ताब्यात गेला होता.

ही हकीकत ग्रेच्या 1904 साली निघालेल्या छोटेखानी पुस्तकात आहे. त्यातच त्याने वाचनाचे पाच नियम घालून दिले. ग्रंथ प्रत्यक्ष वाचा, त्याच्याविषयीचं नको. अध्यायांची कुंपणं न मानता सलग वाचा. पुन्हा पुन्हा वाचा. भाष्यं आणि टीका बाजूला ठेवून स्वतः वाचा. प्रार्थनापूर्वक वाचा. आज ‘एकच छोटं पुस्तक महिनाभर रोज वाचा’ असा सल्ला देणारे बहुतेकजण, कळत-नकळत, याच पाच नियमांचे वारसदार आहेत. म्हणून या रीतीचा उगम शिकागोत धरायचा मोह होतो. मला तो उगम मान्य नाही. ग्रेच्या हाती आलं ते हरवलेल्या वस्तूचं एक टोक होतं, आणि ती वस्तू मुळात पत्राइतकीच जुनी आहे.

पहिल्या शतकात प्रेषित पौलाचं पत्र एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या हाती पडे तेव्हा काय होत असेल? कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी सूचनाच आहे, की हे तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाऊ द्या, आणि तिकडचं तुम्ही वाचा. पत्र कुणीतरी घेऊन येई. इफिसकरांचं आणि कलस्सैकरांचं पौलाचा सहकारी तुखिक याने नेलं. मग एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. अर्धं आज आणि उरलेलं पुढच्या रविवारी, अशी सोय पत्राला नसते. घरी आलेलं पत्र कुणी तिसऱ्या परिच्छेदावर थांबवून घडी करून ठेवत नाही. इफिसकरांच्या पत्राच्या काही अतिप्राचीन हस्तलिखितांत तर पहिल्या वाक्यातलं ‘इफिसातील’ हे गावाचं नावच नाही. त्यावरून पुष्कळ अभ्यासक मानतात की ते मंडळीमंडळींतून फिरवण्याचं पत्र असावं, म्हणजे वारंवार वाचलं जाण्यासाठीच लिहिलेलं. ते खुद्द पौलाचं की त्याच्या शिष्याचं, हाही वाद आहे. तो वाचनाच्या आड येत नाही.

चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम रोमकरांच्या पत्रावर प्रवचनं देत होता. प्रस्तावनेत तो सांगतो की पौलाची पत्रं आपण आठवड्यातून दोनदा, कधी तीन-चारदा वाचून घेऊन ऐकतो. आणि त्याच दमात तक्रार करतो, की लोकांना पौलाची पत्रं किती हेसुद्धा ठाऊक नाही. त्याच्या मते याला कारण बुद्धीची उणीव नव्हे, सहवासाची उणीव. आपल्याला पौलाचं जे काही कळतं ते हुशारीने नव्हे, सततच्या सान्निध्याने आणि प्रेमाने, असा त्याचा भाव आहे. या रीतीचं मर्म इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

त्याच शतकात इजिप्तच्या वाळवंटात पाखोमियसच्या मठांत नियम होता, की मठात येणाऱ्याने वाचायला शिकलंच पाहिजे आणि निदान नवा करार व स्तोत्रसंहिता तोंडपाठ केली पाहिजे. यहुद्यांकडे उजळणीची परंपरा याहूनही घट्ट आहे. तालमूद या त्यांच्या ग्रंथाच्या हगीगा या भागात हिल्लेल या गुरूचा एक संवाद आहे. पाठाची शंभर वेळा उजळणी करणारा आणि एकशे एक वेळा करणारा सारखे कसे नव्हेत, असा प्रश्न निघतो. हिल्लेल म्हणतो, गाढववाल्यांच्या बाजारात जाऊन विचारा, दहा कोसांना एक नाणं पडतं आणि अकरा कोसांना दोन. शेवटचा एक फेरा आधीच्या सगळ्यांइतका भारी पडतो. शिवाय छोटे ग्रंथ अखंड वाचण्याची प्रथा त्यांच्या पंचांगातच बसवलेली आहे: पुरीमला एस्तेर, तेही रात्री एकदा आणि दिवसा एकदा, शाबुओथला रूथ, योम किप्पूरच्या उपवासाच्या दुपारी योना. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल कुटुंबांनीही यातले काही सण जपले. योनाचं पुस्तक अवघ्या 48 वचनांचं आहे. जन्मभर दरवर्षी उपाशीपोटी ते ऐकणाऱ्याला कुणी वाचनाची पद्धत वेगळी शिकवावी लागत नाही.

मग ही सवय मोडली कशी? ती मोडली सोयीने. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या स्टीफन लँग्टनने बायबलचे अध्याय पाडले. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झालेला आणि मॅग्ना कार्टाच्या घडामोडीत वावरलेला तो हाच. 1551 साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने ग्रीक नव्या कराराला वचनांचे आकडे दिले. हे काम त्याने पॅरिस ते ल्योंच्या प्रवासात केलं, असं त्याच्या मुलाने लिहिलं आहे. 1560 च्या जिनिव्हा बायबलमध्ये प्रत्येक वचन नव्या ओळीवर आलं. संदर्भ शोधणं चुटकीसरशी होऊ लागलं, आणि धर्मवादात वचनं फेकून मारणंही तितकंच सोपं झालं. आकडे वाईट होते असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याशिवाय मीही या लेखात दोन पावलं टाकू शकलो नसतो. पण पत्र होतं ते सुविचारांची वही झालं.

हे ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखलं तो धर्मोपदेशक नव्हता. तो तत्त्वज्ञ जॉन लॉक होता. आयुष्याची शेवटची वर्षं लॉकने एसेक्समधल्या ओट्स इथे लेडी मॅशम यांच्या घरी काढली. दम्याने बेजार, वय सत्तरीला टेकलेलं, आणि टेबलावर पौलाची पत्रं. ‘पौलालाच विचारून पौलाची पत्रं समजून घेणं’ अशा आशयाचा त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, 1707 साली छापला गेला. त्यात तो मोकळेपणाने सांगतो, की ही पत्रं मी वर्षानुवर्षं वाचत होतो, त्यातला आचरणाचा भाग कळे, पण युक्तिवादाचा धागा हाती लागत नव्हता. तेव्हा त्याने ठरवलं की एक पत्र एका बैठकीत पूर्ण वाचायचं, आणि लिहिणाऱ्याचा मुख्य हेतू काय, तो कोणत्या वाटेने कुठे निघाला आहे, हे दिसेपर्यंत तसंच पुन्हा पुन्हा वाचत राहायचं. पहिल्या-दुसऱ्या वाचनात काहीच हाती आलं नाही तरी थांबायचं नाही. अध्याय-वचनांच्या तुकड्यांवर तर तो चिडलेलाच आहे. तुकडे पाडून छापल्यामुळे सामान्य वाचकच नव्हे, विद्वानही प्रत्येक वचनाला स्वतंत्र सूत्र समजू लागले, ही त्याची तक्रार. या रीतीने त्याने गलतीकर, दोन्ही करिंथकर, रोमकर आणि इफिसकर यांच्यावर टिपणं लिहिली. ओट्सला आलेल्या आयझॅक न्यूटनने करिंथकरांवरची टिपणं पाहून आपलं मतही पत्राने कळवलं होतं.

मानवी आकलन कसं घडतं यावर मोठा ग्रंथ लिहिलेला माणूस, आणि म्हातारपणी त्याने शोधलेलं साधन कोणतं, तर परत पहिल्या ओळीपासून सुरुवात. मला यात फार मोठा धीर वाटतो.

लॉकचं म्हणणं तपासायला इफिसकरांचंच पत्र घ्यावं. सहा अध्याय, 155 वचनं. सावकाश मोठ्याने वाचलं तरी साधारण अर्धा तास पुरतो. पहिल्या वाचनात उदात्त वाक्यांचा लोंढा अंगावर येतो आणि फारसं काही उरत नाही. दोन-चार वाचनांनंतर लक्षात येतं की लिहिणारा कैदेत आहे. हे तो तीनदा सांगतो, तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, चौथ्याच्या आरंभी आणि अगदी शेवटी बेड्यांचा उल्लेख करून. पण एकदाही त्याबद्दल रडत नाही. आणखी काही वाचनांनी एक तुटलेलं वाक्य दिसतं. तिसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन ‘या कारणास्तव मी पौल’ अशा सुरुवातीने निघतं आणि मध्येच सुटतं. लेखकाला दुसरं काही आठवतं, तो बारा वचनं त्या आडवाटेने जातो आणि चौदाव्या वचनात तेच ‘या कारणास्तव’ उचलून गुडघे टेकतो. रोज पाच वचनं वाचणाऱ्याला हे दोन सांधे कधीच एका नजरेत येणार नाहीत. सलग वाचणाऱ्याला मात्र समोर बसून मजकूर सांगणारा, बोलता बोलता भरकटणारा आणि परत येणारा माणूस भेटतो.

आणि एक जागा अशी, जिथे तुकड्याने वाचण्याचं मोल बायकांनी मोजलं आहे. पाचव्या अध्यायातलं 22 वं वचन, पत्नींनी पतीच्या अधीन असावं हे सांगणारं, ख्रिस्ती लग्नांत पुष्कळदा वाचलं जातं. सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींत त्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते आधीच्या 21 व्या वचनातून घ्यावं लागतं, आणि ते वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतं. कितीतरी छापील बायबलांत नेमकं या दोन वचनांच्या मधे नवं शीर्षक बसवलेलं असतं. शीर्षकापासून वाचलं की पतीला हुकमाची सनद मिळते. वरून वाचत आलं की त्याच्या आधीची अट डोळ्यांआड करता येत नाही. पुढचं बंधन नाहीसं होतं असं नव्हे, पण त्याचा तोल बदलतो. सलग वाचनाचा आग्रह मला एवढा महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

ग्रेनंतरची कथा थोडक्यात सांगता येते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर चॅपलचा कॅम्पबेल मॉर्गन एखाद्या पुस्तकावर लेखणी उचलण्याआधी ते चाळीस-पन्नास वेळा वाचत असे, असं सांगितलं जातं. कॅलिफोर्नियाच्या जॉन मॅकआर्थरने त्याचं वेळापत्रक केलं: योहानाच्या पहिल्या पत्राचे पाच अध्याय तीस दिवस रोज, मोठं पुस्तक असेल तर त्याचे भाग पाडून, जसं योहानाच्या शुभवर्तमानाचे 21 अध्याय सात-सातच्या तीन भागांत, नव्वद दिवसांत. वेळापत्रकाने अनेकांना धरून ठेवलं हे खरं. पण लॉककडे आकडा नव्हता, त्याच्याकडे प्रश्न होता: हा माणूस काय म्हणतोय? प्रश्न सुटला की तिसावा दिवस म्हणजे नुसती हजेरी उरते.

मराठीत बायबल आलं तेच सुट्या रूपात. श्रीरामपूरहून विल्यम कॅरीने 1805 साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, सबंध नवा करार 1811 साली. कवी नारायण वामन टिळकांना 1893 च्या सुमारास आगगाडीत एका सहप्रवासी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला. ते मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले, पुस्तक सोडवेना. दोन वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाई तर पुराणिकांच्याच घरात वाढलेल्या. तीर्थोतीर्थी बसून भागवत वाचायचं, ऐकायला कुणी असो वा नसो, हे त्यांनी लहानपणी आईवडिलांबरोबर केलं होतं. पारायणाचं ते वळण घेऊन आलेली ही बाई आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये सबंध बायबल साध्या मराठीत उतरवत बसली. जुळणी आणि छपाई तिथल्याच बायकांनी केली. 1922 साली रमाबाई गेल्या त्या हे काम हातावेगळं करूनच. अनुवादक आणि खिळे जुळवणारी बाई, या दोघींइतकं एखादं पत्र पुन्हा पुन्हा दुसरं कोण वाचतं?

लॉकला हवं असलेलं बायबल अलीकडे इंग्रजीत मिळू लागलं आहे. 2014 साली अ‍ॅडम लुईस ग्रीन या पुस्तक-रचनाकाराने ‘बिब्लिओथेका’ नावाने आकडे नसलेली, कादंबरीसारखी सलग छापलेली आवृत्ती काढण्यासाठी लोकांकडे 37 हजार डॉलर मागितले. लोकांनी 14 लाखांहून अधिक दिले. मोठ्या प्रकाशकांच्याही तशा आवृत्त्या आल्या. मराठीत अशी आवृत्ती घरोघर असावी असं मला फार वाटतं. सबंध ग्रंथ एकदम नको, सुट्या पुस्तिका हव्यात, आकडे नाहीत, मधली शीर्षकं नाहीत, रुंद समास आणि मोठा टाइप. पहिली पुस्तिका रूथची असावी. 85 वचनं आहेत आणि अर्ध्याहून अधिक पुस्तक संवादांनी भरलेलं आहे, म्हणून ती घरात दोघा-तिघांनी भूमिका वाटून घेऊनही वाचता येईल. दुसरी फिलेमोनची. ती दोन पानांतच संपेल, आणि पळालेल्या गुलामाला भाऊ म्हणून परत घ्या अशी एका मालकाला घातलेली गळ त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कशी हळूहळू घट्ट होत जाते, हे तिसऱ्या-चौथ्या वाचनात दिसू लागेल. इफिसकर त्यानंतर.