कुरणातील दोन गवते व त्यांची नावे

यूरोपातील कुरणांत पोआ वंशाची दोन गवते पुष्कळदा शेजारी शेजारी उगवतात. दोहोंचा फुलोरा मोकळा व निमुळता असल्यामुळे दुरून त्यांतील भेद लक्षात येत नाही. कार्ल लिनीअस याने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात एकास 'पोआ प्राटेन्सिस' व दुसऱ्यास 'पोआ ट्रिव्हिआलिस' अशी नावे दिली. 'पोआ' हा गवत या अर्थाचा ग्रीक शब्द होय. 'प्राटेन्सिस' म्हणजे कुरणातले. 'ट्रिव्हिआलिस' हे तिठा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून साधलेले विशेषण असून त्याचा अर्थ कोठेही आढळणारे, सामान्य असा आहे.

अर्थदृष्ट्या ही नावे भेदक नाहीत. कारण दोन्ही गवते कुरणातली आणि दोन्ही सामान्यच आहेत. परंतु हा लिनीअसचा प्रमाद नव्हे. भेद सांगण्याचे काम त्याने लॅटिन वर्णनवाक्याकडे सोपविले होते. सोबतचा एकच शब्द केवळ स्मरणाच्या सोयीसाठी होता. पुढे वर्णनवाक्ये प्रचारातून गेली, शब्द तेवढे उरले.

शेतकऱ्याला मात्र भेद सांगणारेच नाव हवे होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कुरणासाठी गवताच्या माळ्यावर साठलेले सरमिसळ बी पेरण्याची रीत होती. विल्यम कर्टिस याने १७९० च्या सुमारास कुरणयोग्य अशी निवडक सहा गवते सुचविली. त्यांत ही दोन्ही होती व त्यांचा उल्लेख त्याने 'गुळगुळीत देठाचे' आणि 'खरखरीत देठाचे' असा केला. बोटाला कळणाऱ्या या भेदामागे शेतीचा लाभालाभ होता. गुळगुळीत गवत जमिनीखालील मूलक्षोडांनी पसरते व कोरड्या जमिनीत तग धरते. खरखरीत गवताची खोडे जमिनीवरून सरपटतात, मुळे उथळ असतात आणि ओल हटताच ते करपते. कोरड्या रानात त्याचे बी पडले, तर उन्हाळ्यात चारा बुडालाच.

स्पर्शाची ही खूणही सर्वस्वी निर्णायक नाही. कधी कधी खरखर अगदी अल्प असते. अशा वेळी पानाच्या बुडाशी असलेली पातळ जिव्हिका पाहावी लागते. खरखरीत गवताच्या वरच्या पानांत ती टोकदार व ४ ते १० मिलिमीटर लांब, तर गुळगुळीत गवतात आखूड व बोथट असते. शास्त्रात आजही १७५३ चीच नावे प्रमाण आहेत; इंग्रजीत मात्र गुळगुळीत व खरखरीत हा भेद अद्याप रूढ आहे.