अरेऱ्याची चरनोई

भोपाळच्या अरेरा टेकडीवर आज वल्लभ भवन आणि बिर्ला मंदिर उभे आहे व तिच्या दक्षिणेस अरेरा कॉलनीचे वृक्षाच्छादित रस्ते पसरले आहेत. परंतु या नगराच्या इतिहासात राजा भोज, नबाब, बेगमा आणि तलाव यांना जे मानाचे स्थान लाभले, त्याचा शतांशही या भूमीच्या मातीला आणि गवताला लाभला नाही, याची मला खंत वाटते.

ही भूमी दोन पाषाणांच्या सीमेवर वसली आहे. विंध्याच्या वालुकाश्माने टेकड्यांचे माथे घडविले असून माळव्याचा काळा पाषाण येथे त्याला येऊन भिडतो. सखल भागी काळी, चिकण माती साचली. चढावर मात्र मातीचा थर उथळ, त्याखाली मुरूम नाहीतर खडक, आणि म्हणून जी जमीन नांगराला निरुपयोगी ठरली तीच गुरांच्या उपयोगी पडली. दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी 1973 साली भारतातील तृणांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात मध्य भारताचे हे पठार शेडा आणि मारवेल या गवतांच्या प्रदेशात मोडते. चराई अतोनात झाली की शेडा हटतो व कुसळी माजते. पण माती शाबूत असेल आणि गुरांना काही वर्षे मज्जाव केला, तर शेडा पुनश्च मूळ धरू शकतो.

महसूल खात्याच्या दप्तरात अशा जमिनीस चरनोई म्हणतात. मध्य प्रदेशाच्या 1959 च्या जमीन महसूल संहितेने गावोगावच्या निस्तार पत्रकात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक हक्कांच्या नोंदपत्रात, चराईच्या अटी नमूद करावयास सांगितल्या, आणि त्याच पत्रकात मुरूम, कंकर, माती व दगड रयतेने कोणत्या शर्तींवर न्यावे हेही लिहावयाचे होते. कापलेले गवत पावसाळ्यात पुन्हा येते आणि खणलेला मुरूम मनुष्याच्या हयातीत पुन्हा येत नाही. या दोन हक्कांतील हा मूलभूत भेद त्या कागदावर उमटला नाही, हे माझ्या मते मोठे वैगुण्य होय.

त्याआधीच 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, नागपूरच्या सचिवालयातील कारकून व अंमलदार, त्यांत कितीतरी मराठी, बिऱ्हाडे घेऊन येथे आले, आणि त्यांच्या घरांना, कचेऱ्यांना, सडकांना मुरूम व खडी हवी झाली. केंद्राच्या 1957 च्या खनिज कायद्याने खडीची गणना गौण खनिजांत करून तिचे नियमन राज्यांकडे सोपविले. पुढे 1988 च्या केंद्रीय नियमांनी प्रमुख खनिजांच्या खाणींना वरची माती वेगळी काढून जपण्याचे बंधन घातले, तरी गौण खनिजे त्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिली. वास्तविक गवताचे बी, मुळे आणि सेंद्रिय अंश त्या वरच्या थरातच असतात; तो मुरमात मिसळून गेला की उघड्या खाणीत प्रथम गाजरगवत आणि घाणेरी शिरते. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक आहे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 2012 साली, राजधानीच्या स्थापनेस पंचावन्न वर्षे लोटल्यावर.