ब्लड रिपोर्टमधलं ‘एच’ आणि ‘एल’: घरातल्या वयस्कर माणसाचा रिपोर्ट कसा वाचायचा?

आजी पाथरीला, तुम्ही पुण्यात. दुपारी व्हॉट्सॲपवर तिच्या रिपोर्टची पीडीएफ येते. चार आकडे ठळक, शेजारी ‘एच’ नाहीतर ‘एल’. पोटात गोळा येतो. कुणी लगेच गूगल करतं, तर कुणी ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून मोबाईल बाजूला ठेवतं. दोन्ही चूक. आधी ही खूण येते कुठून ते बघू.

खूण कोण करतं?

सहसा डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर. मशीनमधून आकडा आला की लॅबचं सॉफ्टवेअर तो ‘नॉर्मल रेंज’शी ताडून बघतं. वर गेला तर एच, खाली गेला तर एल. आजीला काय त्रास होतोय, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला ठाऊक नसतं.

ही रेंज बहुतेक वेळा निरोगी लोकांच्या मधल्या ९५ टक्के आकड्यांवरून ठरते. म्हणजे निरोगी माणसांतही २० पैकी एकाचा आकडा बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर १०० निरोगी लोकांपैकी साधारण ६४ जणांच्या रिपोर्टवर निदान एक तरी खूण दिसेल. म्हणून खूण म्हणजे आजार नव्हे.

खूण नाही, म्हणजे सगळं ठीक?

तसंही नाही. क्रिएटिनिन १.१ हा आकडा अनेक लॅबच्या रेंजमध्ये बसतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि म्हातारपणी स्नायू कमी होतात. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात हाच १.१ आकडा टाकला, तर ३० वर्षांच्या नातवाचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा अंदाज, ९२ च्या आसपास येतो. ७५ वर्षांच्या आजीचा मात्र ५२ च्या आसपास. त्यामुळे रिपोर्टवर ईजीएफआर शोधा. नसेल तर डॉक्टरांना विचारा.

वयस्कर माणसांत काय बघायचं?

• हिमोग्लोबिन: बाईचं १२ च्या खाली, पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. वय हे त्याचं कारण नव्हे. लोह किंवा बी-१२ ची कमतरता, पोटातला रक्तस्राव, किडनी यांपैकी काय आहे ते शोधावं लागतं.
• सोडियम: बीपीसाठी दिलेल्या काही लघवीच्या गोळ्यांनी कमी होतं. मग माणूस गळून जातो, असंबद्ध बोलतो, पडतो आणि घरच्यांना वाटतं म्हातारपण आलं.
• पोटॅशियम: सॅम्पल घेताना किंवा नेताना रक्तपेशी फुटल्या तर खोटंच जास्त दिसतं. तालुक्यातून सॅम्पल लांबच्या लॅबला जातं तेव्हा हे लक्षात ठेवा. पण खरंच वाढलं असेल तर हृदयाला धोका असतो, म्हणून तपासणी त्याच दिवशी पुन्हा करायची का, हे डॉक्टरांना विचारा.
• ईएसआर: वयानुसार थोडा वाढतोच. तेवढ्या एका आकड्यावरून घाबरू नका.
• एचबीएवनसी: लोह कमी असेल तर साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. आकडा पाहून घरीच गोळी वाढवू नका; साखर एकदम उतरली तर वयस्कर माणूस चक्कर येऊन पडतो.

डॉक्टरांकडे जाताना

१. मागचे दोन-तीन रिपोर्ट सोबत घ्या. हिमोग्लोबिन ११.८ वरच टिकून असणं वेगळं आणि सहा महिन्यांत १३.५ वरून ११.८ वर येणं वेगळं.
२. शक्यतो तीच लॅब ठेवा. आकड्यापुढचं एककही बघा.
३. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढा. दुखण्याच्या गोळ्या आणि काढेसुद्धा सांगा.
४. आजीचं १४ अंकी आभा खातं उघडून द्या. लॅब किंवा दवाखाना त्याला जोडलेला असेल तर रिपोर्ट एका ठिकाणी राहतात. नसेल तर मोबाईलमध्ये फोल्डर करा आणि फाईलला तारखेचं नाव द्या.

सरकारी आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवत असाल, तर महालॅब योजनेत अनेक तपासण्या मोफत होतात. दुसऱ्यांदा तपासायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका.

कधी थांबायचं नाही?

अचानक गोंधळणं, छातीत दुखणं, दम लागणं, काळी शौच, लघवी बंद होणं, शुद्ध हरपणं. यांपैकी काही असेल तर पीडीएफ वाचत बसू नका. आजीजवळ जो असेल त्याला १०८ लावायला सांगा. रिपोर्ट दवाखान्यात पोचल्यावरही दाखवता येतो.