घरच्या घड्याळाची नाडी

घड्याळ वेळ सांगतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें केवळ मोजतें. विवाहाच्या वेळीं पाण्यावर सोडलेलें घटिकापात्र भरून बुडालें, कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, झालीं असें जोशीबुवा मानीत. अशा ६० घटिकांचें एक अहोरात्र. त्या पात्राला लग्नाचीही खबर नसे आणि मुहूर्ताचीही. त्याला जें काय ठाऊक, तें तळच्या छिद्रांतून येणारें पाणी.

हेंच मोजण्याचें काम आमच्या काळांत चिपकडे आलें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीनें ७४०० या मालिकेंतील चिप बाजारांत आणिल्या. बोटाच्या पेराएवढी ही वस्तु, तिला चौदा किंवा सोळा पाय. त्यांतील ७४९० ही दहापर्यंत मोजते, ७४९२ ही सहापर्यंत किंवा बारापर्यंत मोजूं शकते आणि ७४४७ ही आलेला आंकडा सात रेघांच्या दिव्यांत उजळून दाखविते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अशा चिप आणून कित्येक हौशी विद्यार्थ्यांनीं घरच्या मेजावर अंकांचें घड्याळ जुळविलें.

परंतु मोजावयाचें काय? घरांतील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनें करतो. ट्रान्सफॉर्मरनें हा प्रवाह सौम्य करून त्याच्या ठोक्यांना आधीं पांचांनीं व मग दहांनीं भागिलें, कीं एक सेकंद हातीं येतो. पुढें ६० सेकंदांचें मिनिट, ६० मिनिटांचा तास, २४ तासांचा दिवस. सारा भागाकारच! विजेचें आवर्तन हेंच या घड्याळाच्या छिद्रांतून येणारें पाणी होय.

ही कल्पना चिपहून जुनी आहे. १९१६ सालीं हेन्री वॉरन या अमेरिकन गृहस्थानें बोस्टनच्या वीजकेंद्रांत एक मुख्य घड्याळ बसविलें. त्याच्याशीं ताडून यंत्रांची गति राखिली, म्हणजे त्या विजेवरील सर्व घड्याळें बरोबर चालत.

आपल्याकडे मात्र हें पाणी नेहमी सारखें वाहिलें नाहीं. मागणी उत्पादनाहून वाढली, कीं वीजकेंद्रांतील यंत्रें किंचित् मंदावतात व आवर्तनें घटतात. तीं ५० ऐवजीं ४९ झालीं, तर आपलें घड्याळ तासाला ७२ सेकंद मागें पडतें. दिवसभर तीच स्थिति राहिली, तर २८ मिनिटें ४८ सेकंद. विजेच्या टंचाईच्या वर्षांत अशीं घड्याळें मागें पडत, आणि बिचारा विद्यार्थी आपल्या जोडणींतच दोष शोधीत बसे!

पुढें उपाय झाले. जुलै २००२ पासून पश्चिम विभागांत अशी दरपद्धति आली कीं, आवर्तनें घटलेलीं असतां ठरल्याहून अधिक वीज ओढणाऱ्यास ती महाग पडावी. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनीनें दक्षिणेचें जाळें उर्वरित देशाच्या जाळ्यास जोडलें गेलें आणि अवघा देश एका तालावर आला. आतां आवर्तनें ४९.९० ते ५०.०५ या मर्यादेंत राखावीं असा नियम आहे. महाराष्ट्रापुरता मागणीचा व पुरवठ्याचा मेळ घालणारें राज्य भारप्रेषण केंद्र आमच्या नवी मुंबईंत, ऐरोलीस, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. तेथें अहोरात्र जागणाऱ्या मंडळींना आपलें घड्याळ ठाऊकही नसतें. पण त्याची नाडी त्यांच्याही हातीं असते.

आजचा हौशी कारागीर बहुधा क्वार्ट्झचा स्फटिक घेतो. त्याचीं कंपनें सेकंदाला ३२,७६८. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली, कीं नेमका एक उरतो. हें घड्याळ अधिक वक्तशीर खरें, परंतु तें एकलकोंडें आहे. म्हणून घरांतील मुलांनीं दोन्हीं करावीं व शेजारीं शेजारीं ठेवावीं. त्यांच्यांत पडणारें कांहीं सेकंदांचें अंतर रोज वहींत टिपावें. गिरण्यांचीं, आगगाड्यांचीं, पंख्यांचीं ओझीं सारा देश मिळून कशीं पेलतो, याचा तो घरबसल्या मिळालेला हिशेब असेल.